कामावरची दुखापत आणि भरपाईचा हक्क
वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत: कामावर दुखापत झाली, पण ती भरपाईस पात्र आहे की नाही हे कोणी नीट सांगत नाही. त्यांतील चार पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि कारखान्यांचे तपशील अर्थातच वगळले आहेत.

प्रश्न: मी ३० वर्षांचा असून एका छोट्या कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर काम करतो. आम्ही तेथे एकूण आठ जण आहोत. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पाळीत डायमध्ये पत्रा सरकवत असताना प्रेस खाली आला आणि उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली संरक्षक जाळी किंवा कवच) काढलेला होता, त्यामुळे चूक माझीच आहे, असे मालक म्हणतात. ठेकेदाराने २५,००० रुपये दिले आणि ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली. रुग्णालयात मला नेणाऱ्या सुपरवायझरने ‘घरी दारात बोट चेमटले’ असे सांगितल्याने केसपेपरवर तसेच लिहिले गेले आहे. माझा पगार महिना १४,००० रुपये आहे. मला भरपाई मागता येईल का?

उत्तर: मागता येईल, आणि आपण ती मागावी असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पत्रात ‘चूक’ हा शब्द आला आहे. या कायद्याचा पाया चुकीवर उभा नाही, हे आपण सर्वप्रथम मनाशी पक्के करावे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा कायदा जाणीवपूर्वक असा घडवला गेला की कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागू नये. त्यात विचारला जाणारा प्रश्न इतकाच आहे: शारीरिक दुखापत अपघाताने झाली का, आणि तो अपघात नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडला का? ‘नोकरीच्या ओघात’ म्हणजे कामाची वेळ, कामाची जागा आणि त्या कामाला जोडून येणाऱ्या गोष्टी. ‘नोकरीमुळे’ म्हणजे त्या कामातील धोका आणि दुखापत यांच्यात कार्यकारणसंबंध असणे. दोन्ही अटी एकदमच पूर्ण व्हाव्या लागतात. पाळी चालू असताना, मशीनवर, मालकाच्याच पत्र्याचे काम करताना प्रेसखाली बोट गेले, यात दोन्ही अटी इतक्या सरळ पूर्ण होतात की खरा वाद तेथे होणारच नाही. तो गार्डवरून होईल.

कायद्याने मालकाला काही मोजके बचाव दिले आहेत. दुखापतीमुळे तीन दिवसांपेक्षा अधिक काळ काम करण्याची क्षमता गेली नसेल, तर भरपाई देय होत नाही. त्याखेरीज, अपघात थेट दारू किंवा अमली पदार्थाच्या अमलामुळे झाला असेल, सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम किंवा केलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला असेल, अथवा सुरक्षिततेसाठी बसवलेला गार्ड त्याने जाणूनबुजून काढला किंवा डावलला असेल, तर मालकाची जबाबदारी सरते. मात्र मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तेव्हा हे तीनही बचाव चालत नाहीत. आपले अपंगत्व कायमचे पण अंशतः आहे, त्यामुळे मालकाला गार्डचा मुद्दा उपस्थित करता येईल, हे मी लपवत नाही. परंतु तो सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे, आणि ‘जाणूनबुजून’ या शब्दाला कायद्यात वजन आहे. प्रत्येक फटक्याला गार्ड वर-खाली करण्यात वेळ जातो, म्हणून नग वाढवण्यासाठी तो काढूनच ठेवायचा, ही पद्धत कित्येक प्रेसशॉपमध्ये सर्रास चालते आणि सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत चालते. आपण पाळीवर आलात तेव्हा गार्ड आधीच काढलेला होता का? तो किती महिन्यांपासून कोपऱ्यात पडून होता? त्याचे बोल्ट कोणी खोलले? रोजचे किती नग काढायचे हे कोण ठरवत होते? या चार प्रश्नांची उत्तरे आताच, स्मरण ताजे आहे तोवर, तारखांसह लिहून काढा. ज्या मशीनला मालकाने गार्डच ठेवला नव्हता, त्या मशीनवर काम करणाऱ्याने गार्ड डावलला असे म्हणता येत नाही. निव्वळ हलगर्जीपणा, थकवा किंवा क्षणभराचे दुर्लक्ष हेदेखील ‘जाणूनबुजून’मध्ये मोडत नाही.

आता केसपेपरकडे वळू, कारण मला सर्वांत अधिक काळजी त्याचीच वाटते. जखमी माणूस वेदनेने कळवळत असतो, बरोबर आलेला माणूस कंपनीचा असतो, आणि डॉक्टर ‘काय झाले’ असे विचारतात तेव्हा उत्तर तोच देतो. नंतर आयुक्तांसमोर, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, मालकाचे वकील हाच कागद पुढे करतात. एका उलटतपासणीत केसपेपरवरील अशाच एका ओळीवर अर्धा तास प्रश्न विचारले गेल्याचे मी पाहिले आहे. ज्याचे बोट गेले होते तो मनुष्य आपण खोटे बोलत नाही एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होता. म्हणून आपण रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपर, शस्त्रक्रियेची नोंद, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घ्या. चुकीची हकीकत कोणी सांगितली, हे नमूद करणारे पत्र रुग्णालयाला देऊन त्याची पोचही घ्या. जखमेचे वर्णन नीट वाचा. दारात चेमटलेल्या बोटाची जखम आणि प्रेसखाली हाड चिरडून मुळापासून तुटलेल्या बोटाची जखम या सारख्या नसतात, आणि डॉक्टरांची साक्ष त्या एका ओळीला पुरून उरू शकते. त्या दिवशीचे हजेरीपत्रक, गेटवरील नोंद, सोबतच्या कामगारांचे जबाब, सुपरवायझरने त्या संध्याकाळी केलेले फोन, आणि बँकेत जमा झालेला पगार, हे सर्व पुरावे आहेत. हजेरीपत्रक आपल्या हाती लागणार नाही, पण ते हजर करण्याचा आदेश आयुक्तांकडून मिळवता येतो.

सही घेतलेल्या कागदाने घाबरून जाऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार या कायद्याने निरर्थक ठरवला आहे. तडजोड करायचीच असेल तर तिचे निवेदन आयुक्तांकडे नोंदवावे लागते. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. अशी नोंदणी झालीच नसेल, तर मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याशिवाय, आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावट त्याला मागता येत नाही. म्हणजे ते २५,००० रुपये घेतल्याने आपला दावा संपलेला नाही.

ठेकेदार आणि मालक यांच्यातील टोलवाटोलवीलाही कायद्यात जागा नाही. मालकाच्या धंद्याचेच काम ठेकेदारामार्फत करून घेतले जात असेल, तर मूळ मालक आपल्याला भरपाई देण्यास जबाबदार आहे, आणि ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही हे त्या दोघांनी बघावे. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा. तात्पुरता, रोजंदारीवरचा किंवा कायम न केलेला कामगार म्हणून आपण या कायद्याबाहेर पडत नाही. किरकोळ स्वरूपाच्या कामावरील माणसांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकले गेले आहेत.

रकमेविषयी आपण विचारले नाही, पण ती ठाऊक असावी. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तर्जनी पूर्ण गेल्यास कमाईच्या क्षमतेचे नुकसान १४ टक्के धरले आहे. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ३० व्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये असल्याने आपले १४,००० रुपये पूर्ण धरले जातील. त्यांचे ६० टक्के म्हणजे ८,४०० रुपये. गुणाकार १७,४७,०३२ रुपये. आणि त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,४४,५८४ रुपये. त्याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधांची बिले जपून ठेवा. रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते. महिन्याभरात ती दिली नाही तर दरसाल १२ टक्के व्याज लागते, आणि सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. व्याज सोडता ठेकेदाराने दिलेली रक्कम या आकड्याच्या जवळपास एक दशांश आहे, एवढे आपल्या घरच्यांनाही सांगा.

या टक्क्यांबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. अनुसूचीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व ठरले असते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, त्यामुळे तो ज्या कामाला लायक होता त्या कामाला पूर्ण मुकला आहे, असे मानून न्यायालयाने संपूर्ण अपंगत्वाची भरपाई कायम केली. आपला उजवा हात कामाचा हात असेल आणि पकड गेल्याने प्रेसवरचे काम आता होतच नसेल, तर कमाईच्या क्षमतेचे नुकसान किती झाले याचा स्वतंत्र दाखला नोंदणीकृत डॉक्टरांकडून घ्यावा. अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र आणि हा दाखला या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

अर्ज अपघाताच्या ठिकाणचे, आपल्या राहत्या ठिकाणचे किंवा मालकाच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणचे आयुक्त यांपैकी कोठेही करता येतो. महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे आयुक्त म्हणून काम पाहतात. मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नये. अपघाताची लेखी सूचना अद्याप दिली नसेल तर आजच स्पीड पोस्टने मालक आणि ठेकेदार या दोघांनाही पाठवा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून १९२३ च्या कायद्याची जागा तिने घेतली आहे. परंतु आपला अपघात त्यापूर्वीचा असल्याने आपले हक्क जुन्या कायद्याने ठरतील. पात्रतेची मूळ कसोटी नव्या संहितेतही तीच आहे.

इतर वाचकांसाठी एवढेच जोडतो, की दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार बहुधा राज्य कामगार विमा योजनेत येतो. त्याची भरपाई मालकाकडून नव्हे, तर विमा महामंडळाकडून मिळते, आणि विमाधारकाला त्याच दुखापतीसाठी मालकावर वरील कायद्याखाली दावा करता येत नाही. कामावरील दुखापतीच्या रजेत तेथे वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि त्यासाठी किती वर्गणी भरली गेली आहे याची अट नसते. कामावर रुजू होऊन आठच दिवस झाले असले तरी हा हक्क असतो.

प्रश्न: माझे पती एका कारखान्यात रात्रपाळीचे रखवालदार होते. पाळीवर जात असताना दुचाकीला अपघात होऊन त्यांचा मृत्यू झाला. अपघात रस्त्यावर झाला, कारखान्यात नाही, म्हणून आपण काही देणे लागत नाही, असे मालक म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मालकांचे म्हणणे पूर्वी बऱ्याच प्रमाणात खरे ठरत असे. आज ते तसे राहिलेले नाही.

घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास नोकरीच्या ओघात येतो का, हा वाद जुना आहे. १९५८ साली मिठागरातील कामगार कामावरून परतताना होडी उलटून बुडाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नोकरीची हद्द कारखान्याच्या फाटकापलीकडेही काही अंतरापर्यंत मानता येते हे तत्त्व मान्य केले. मात्र ती होडी सर्वांसाठी खुल्या असलेल्या मार्गावरची असल्याने भरपाई नाकारली. पुढे १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या एका बसचालकाचा काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जाताना मृत्यू झाल्याच्या प्रकरणात भरपाई दिली गेली, कारण चालकांना वेळेवर ये-जा करता यावी म्हणून बसप्रवासाची सोय देणे हा त्या सेवेचाच भाग होता. त्यानंतरची अनेक वर्षे निकाल असे कधी या, कधी त्या बाजूने लागत राहिले. २०१० मध्ये राज्य कामगार विमा कायद्यात दुरुस्ती होऊन, अपघाताची परिस्थिती, वेळ व जागा यांचा नोकरीशी संबंध दाखवता आल्यास ये-जा करतानाचा अपघातही नोकरीतला मानावा, अशी तरतूद आली. मग ज्यांना विमा लागू नाही त्यांचे काय?

त्याचे उत्तर जुलै २०२५ मध्ये मिळाले, आणि तेही महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात. एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघालेला तो रखवालदार वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. विमा कायद्यातील तरतूद १९२३ च्या कायद्यातील त्याच शब्दांचा अर्थ उलगडून दाखवणारी आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या कुटुंबाला बावीस वर्षे वाट पाहावी लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण त्यांच्या चिकाटीचा लाभ आज आपल्याला मिळणार आहे. नव्या संहितेत तर ये-जा करतानाच्या अपघाताची तरतूद थेटच केलेली आहे.

आपल्याला सिद्ध करायचा आहे तो संबंध: पतींची पाळी किती वाजता सुरू होणार होती, ते घरून किती वाजता निघाले, अपघात नेहमीच्या वाटेवर झाला की वाट सोडून. पाळीचा तक्ता, पोलिसांचा पंचनामा आणि त्या रात्री कारखान्यातून आलेला एखादा फोन यांतून हे दाखवता येते. वाटेत दूध घेण्यासाठी दोन मिनिटे थांबणे वेगळे, आणि दुसऱ्या गावी लग्नाला जाऊन तेथून कामावर निघणे वेगळे. दुसऱ्या प्रसंगी मालकाचे म्हणणे टिकू शकते.

एक निर्णय मात्र घाईने घेऊ नका. समोरच्या वाहनाची चूक असेल, तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडेही मागणी करता येते. पण या दोन मार्गांपैकी एकच निवडावा लागतो. प्राधिकरणात वेतनाची १५,००० रुपयांची मर्यादा नसते, म्हणून रक्कम मोठी मिळू शकते. परंतु तेथे समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दुचाकी आपोआप घसरली असेल आणि दुसरे वाहनच नसेल, तर आयुक्तांचा मार्ग आपल्यासाठी सुरक्षित आहे. कारखान्याने घरी येऊन रोख रक्कम देऊ केली, तर हेही लक्षात ठेवा की मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेली रक्कम कायद्याने भरपाई ठरत नाही. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम तेवढी याला अपवाद आहे.

प्रश्न: मी गोदामात पोती चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. गेल्या वर्षी पोते उचलताना कमरेत एकदम कळ आली आणि मणक्याची चकती सरकल्याचे निदान झाले. मला पूर्वीपासून कंबरदुखी होती, म्हणून हा अपघात नव्हे, असे सांगितले जाते.

उत्तर: अपघात म्हणजे काहीतरी अंगावर कोसळणेच नव्हे. कामाच्या श्रमाने शरीरात अनपेक्षितपणे काही तुटले, फाटले किंवा सरकले, तर तोही अपघात होय. पूर्वीचे दुखणे असणे हा अडसर नाही. कामाच्या ताणाने ते दुखणे बळावले किंवा दुखापत लवकर घडून आली, तरी संबंध जुळतो. मात्र तो पुराव्याने जुळवावा लागतो. हृदयविकाराच्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्णय शेजारी ठेवले की फरक कळतो: हजाराहून अधिक किलोमीटर मालट्रक चालवून थकलेल्या चालकाचा वाटेतच मृत्यू झाला तेव्हा २०१२ मध्ये भरपाई मिळाली, तर एका क्लीनरच्या प्रकरणात कामाचा कोणता ताण त्याच्यावर होता हे दाखवताच न आल्याने ती नाकारली गेली. तेव्हा त्या दिवशी आपण किती पोती उचलली, एका पोत्याचे वजन किती होते, कळ कोणत्या क्षणी आली आणि ती आपण त्याच वेळी कोणाला सांगितली, यावर आपला दावा उभा राहील. एमआरआयचा अहवाल आणि ‘असे वजन उचलल्याने हे होऊ शकते’ असे डॉक्टरांचे लेखी मत जोडा. पूर्वीचे दुखणे लपवू नका. जुने उपचारांचे कागद दुसऱ्या बाजूने हजर केले की खरा भागही संशयास्पद वाटू लागतो.

प्रश्न: लोहारखात्यात अठरा वर्षे हातोडा मशीनवर काम केल्यानंतर मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागले आहे. एखाद्या दिवशी अपघात झाला असे काहीच नाही. तरी हक्क आहे का?

उत्तर: आहे. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी असून आवाजामुळे येणारे बहिरेपण तिच्या ‘ब’ भागात नमूद आहे. अशा आवाजाच्या कामावर एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने नोकरी झालेली असली, की तो आजार अपघाताने झालेली दुखापतच मानला जातो, आणि तो नोकरीमुळे झाला नाही हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. धुळीने होणारे सिलिकोसिससारखे फुप्फुसांचे आजार त्याच अनुसूचीच्या ‘क’ भागात आहेत; त्यांच्या बाबतीत एकाहून अधिक मालकांकडे काम झाले असल्यास आयुक्त जबाबदारी वाटून देऊ शकतात. आजाराच्या दाव्यात मुदत मोजण्यासाठी अपघाताचा दिवस म्हणजे आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाल्याचा पहिला दिवस. आपण कामावर आहात तोवरच कानांची तपासणी करून त्यावर तारीख, आवाजाची पातळी मोजली असल्यास तिची नोंद आणि अठरा वर्षांच्या सेवेचा दाखला ही कागदपत्रे हाती ठेवा.